रोपाची पिशवी बदलताना आणि त्याला उन्हात नेताना

दरवर्षी १४ एप्रिल जवळ आला की आपल्या वस्त्यावस्त्यांतून कार्यक्रमांची आखणी सुरू होते. मिरवणूक, व्याख्यान, मुलांची वक्तृत्व स्पर्धा, भोजनदान आणि अलीकडे त्यात हमखास एक वृक्षारोपण. हेतू चांगलाच असतो, त्याबद्दल वाद नाही. परंतु नागपूरच्या एप्रिलमधल्या उन्हात अकरा वाजता लावलेले ते रोप बुद्धपौर्णिमेपर्यंत तरी उभे राहते काय, हा प्रश्न कोणी विचारत नाही. मीही कधी विचारला नव्हता. माझ्या हातून एका आठवड्यात अडतीस रोपे मेली, तेव्हापासून विचारू लागलो. ती हकीकत आणि तिच्यातून जे शिकलो ते वाचकांपुढे मांडावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या वस्तीतल्या विहारामागे थोडी मोकळी जागा आहे. बाजूची घरे बहुतेक टिनाची. मार्च महिन्यात मुलांच्या परीक्षा असतात आणि नेमके तेव्हाच घरात बसवत नाही. मुले वह्या घेऊन विहाराच्या भिंतीच्या सावलीला बसतात आणि सावली सरकेल तशी सरकत जातात. पाण्याचा टँकर येतो तेव्हा बायाही गुंडे-बादल्या घेऊन तिथेच तासतासभर उन्हात उभ्या असतात. इथे पाच-दहा कडुनिंब असते तर, असे अनेकदा बोलणे व्हायचे. शेवटी एका पावसाळ्यात आम्ही मुलांना निंबोळ्या वेचायला लावल्या. प्रत्येकाने आपल्या घरची दुधाची रिकामी पिशवी धुऊन आणली, माती भरली, निंबोळी पेरली. आइसक्रीमच्या काडीवर स्वतःचे नाव लिहून ती पिशवीत खोचली. या पिशव्या माझ्या घरामागच्या पडवीत, हिरव्या जाळीखाली ठेवल्या. चाळीस रोपे जगली. मुले शाळेतून येताना डोकावून जायची, "काका, माझं किती वाढलं?" म्हणून विचारायची.

एप्रिल येईतो रोपे दीड-दीड फुटांची झाली. हिरवीगार, लुसलुशीत. जो येईल तो कौतुक करी. त्या लुसलुशीतपणातच खोट होती हे मला कळायला वेळ लागला.

१२ एप्रिलला संध्याकाळी कार्यकर्त्यांची बैठक झाली. दुधाच्या पिशवीतले रोप पाहुण्यांच्या हाती कसे द्यायचे, दिसायला बरे नाही, असे कोणी म्हणाले. खरे सांगायचे तर ते म्हणणे माझेच होते. काळ्या नव्या पिशव्या विकत आणल्या आणि रात्री बारापर्यंत बसून आम्ही चाळीसही रोपांची पिशवी बदलली. जुन्या पिशव्या उचलताना खालून कट्‌कन आवाज यायचा. मुळ्या पिशवीच्या भोकांतून बाहेर पडून पडवीच्या मातीत शिरल्या होत्या, त्या तुटत होत्या. ब्लेडने पिशवी फाडली की निम्मी माती गळून पडे आणि नुसते मूळ हातात लोंबे. आम्ही ते तसेच नव्या मातीत खोचले, पाणी घातले आणि झोपायला गेलो.

१४ तारखेला अकरा वाजता पाहुण्यांच्या हस्ते पहिले रोप लागले, फोटो निघाले, टाळ्या झाल्या. बाकीची आम्ही दुपारी एकपर्यंत लावली. पारा चाळिसाच्या पुढे होता. १५ तारखेला सगळ्यांनी माना टाकल्या. पाणी कमी पडले असेल म्हणून आम्ही बादल्या ओतल्या. १६ला पानांवर पांढुरके चट्टे उठले. १८ तारखेला सकाळी जाऊन पाहतो तो पाने बिस्किटाच्या रंगाची, हातात घेतली की चुरा होत होती.

मुलांना तोंड दाखवायची पंचाईत झाली. चौथीतला एक मुलगा आपल्या नावाची काडी उपटून घेऊन गेला आणि पुढे कित्येक दिवस मला पाहिले की गल्ली बदलायचा. पोराने नऊ महिने पाणी घातलेले झाड मी चार दिवसांत मारले होते. त्याला मी काय सांगणार?

आत्याची उलटतपासणी

माझी मोठी आत्या भंडारा जिल्ह्यात असते. वनखात्याच्या रोपवाटिकेत पिशव्या भरण्याच्या कामाला ती वीसेक वर्षे रोजीने गेली. शाळा तिने पाहिली नाही, पण तिच्या हाताखालून किती हजार रोपे गेली असतील याचा हिशेब तिलाही देता येणार नाही. मे महिन्यात ती आमच्याकडे आली तेव्हा मी रडगाणे गायलो. तिने आधी मला दोन प्रश्न विचारले. रोपे वाढली कुठे? आणि पिशवी बदलून किती दिवसांनी उन्हात नेली? मी सांगितले, पडवीत जाळीखाली वाढली आणि पिशवी बदलून दीड दिवस झाला होता.

तिने कपाळाला हात लावला. "काहून रे बाबू, बाळंतीण दुसऱ्या दिवशी कापणीले जाते का?"

मग ती मला त्या जागेवर घेऊन गेली. चाळीसपैकी दोन रोपे अजून जिवंत होती, त्यांच्याकडे मी लक्षच दिले नव्हते. दोन्ही विहाराच्या पाण्याच्या टाकीच्या पूर्वेला होती. सकाळचे ऊन त्यांना मिळे आणि बारानंतर टाकीची सावली येई. आत्या म्हणाली, बाकीच्यांनाही एवढेच हवे होते, पंधरा-वीस दिवस.

मी वाणिज्य शाखेचा माणूस, पण जमाखर्च मला कळतो, आणि रोपाचे गणितही जमाखर्चाचेच आहे. पानातून पाणी सतत उडत असते, हा खर्च. मूळ पाणी ओढते, ही जमा. मुळाचे पाणी ओढण्याचे खरे काम जाड मुळी करीत नाही. तिच्या टोकाजवळ केसासारखे जे बारीक तंतू असतात, ते करतात. पिशवी बदलताना कितीही जपले तरी हे तंतू तुटतातच. म्हणजे पिशवी बदलली की जमा एकदम घटते. नवे तंतू फुटायला आठ-दहा दिवस लागतात. तेवढे दिवस सावलीत ठेवले तर खर्चही कमी राहतो आणि रोप कसेबसे तोंडमिळवणी करते. आम्ही काय केले? जमा निम्म्यावर आणली आणि दुसऱ्याच दिवशी खर्च चौपट केला.

दुसरी गोष्ट पानांची. सावलीत वाढलेले पान मोठे, पातळ आणि गडद हिरवे असते, कारण मिळेल तेवढा उजेड त्याला गोळा करायचा असतो. उन्हात वाढलेले पान लहान, जाड असते आणि त्यावर मेणासारखा थर जाड चढतो. सावलीतले पातळ पान एकदम कडक उन्हात नेले की ते करपते. पांढुरके चट्टे पडतात ते त्यामुळे, आणि करपलेला भाग पुन्हा हिरवा होत नाही. सावलीतले पान थोडेफार सुधारते, पण खरी मदार असते उन्हाच्या सवयीत फुटणाऱ्या नव्या पानांवर. ती फुटायला वेळ लागतो. म्हणून रोपाला उन्हात न्यायचे ते तासातासाने.

थोडक्यात, पिशवी बदलणे हा रोपाला एक धक्का आहे आणि ऊन हा दुसरा. एका वेळी एकच धक्का द्यायचा, पहिल्यातून रोप सावरले की मगच दुसरा. आत्याच्या सगळ्या शिकवणुकीचे सार एवढेच.

पिशवी कशी बदलावी

निंबोळ्या आपल्याकडे जून-जुलैत पिकतात. पिवळी निंबोळी वेचून गर धुवून काढावा, बी एक-दोन दिवस सावलीत सुकवावे आणि लगेच पेरावे. निंबोळीचे बी दोन-तीन आठवड्यांत उगवण्याची ताकद गमावू लागते, वर्षभर डब्यात ठेवून उपयोग नाही. जांभळाचेही तसेच, बी ताजे लागते. जांभळाच्या एका बीतून कधी दोन-तीन कोंब येतात. त्यातला जोमदार ठेवावा, बाकीचे खुडावे.

पुष्कळ बी असेल तर ते आधी एखाद्या पसरट खोक्यात पेरावे. रोपाला दोन-चार खरी पाने आली की ते दुधाच्या पिशवीत न्यावे. या वयात रोप उचलताना खोड धरू नये, पान धरावे. पान तुटले तर दुसरे येते, कोवळे खोड चिमटले तर रोप गेले. खोक्याला पाणी बेताने द्यावे आणि रोपे दाट होऊ देऊ नयेत, नाहीतर मातीलगत खोड काळे पडून रोपे एका रात्रीत आडवी होतात. तो बुरशीचा रोग आहे.

अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी दोन-तीन महिने पुरते. कडुनिंबाचे सोटमूळ भराभर खाली जाते. पिशवीच्या तळाशी पोचले की ते गोल गोल फिरू लागते. दिसायला रोप ठीक असते, पण ते वेटोळे तसेच राहिले तर झाड पुढेही कमकुवत राहते. म्हणून वेळेवर मोठ्या पिशवीत न्यावे. विकतची पिशवी नको असेल तर पाच किलो पिठाची पिशवी, तेलाचा डबा, काहीही चालते. तेलाचे भांडे असेल तर सोड्याने धुऊन घ्यावे. तळाला आणि खालच्या अर्ध्या भागाला भोके हवीतच. पाणी साचले की मुळाला हवा मिळत नाही आणि मूळ कुजते.

मातीचे प्रमाण आत्याने घमेल्यावर सांगितले. दोन घमेली माती, एक घमेले रेती, एक घमेले शेणखत. आपल्या भागात माती काळी. ती ओली असताना चिकट आणि सुकली की दगड. पिशवीत ती आकसते, भेगा पडतात आणि त्यांत मुळ्या तुटतात. म्हणून रेती घालायचीच. शेणखत मात्र जुने, मातीसारखे झालेले, वास नसलेले हवे. ताजे शेण घातले तर ते तापते आणि मुळे भाजतात. उधईचा त्रास असेल तर मूठभर निंबोळी पेंड मिसळावी.

आता प्रत्यक्ष काम. आदल्या संध्याकाळी रोपाला पाणी द्यावे, म्हणजे मातीचा गोळा धरून राहतो. काम ऊन उतरल्यावर करावे. पिशवी ब्लेडने उभी कापावी, खोड धरून रोप ओढू नये. गोळ्याखाली हात घालून त्याला लहान मुलासारखे उचलावे. तळाशी मुळाचे वेटोळे असेल तर तेवढेच धारदार कात्रीने कापावे. नव्या पिशवीत रोप पूर्वी जितके खोल होते तितकेच ठेवावे. गळ्यापर्यंत माती चढवली तर खोड कुजण्याची भीती असते. माती बोटांनी हलकेच दाबावी आणि खालच्या भोकातून येईल इतके पाणी एकदा द्यावे.

त्यानंतर आठ-दहा दिवस सावली. युरिया वगैरे महिनाभर काही नाही. आमच्या शेजारच्या एका बंधूंनी रोप लवकर सावरावे म्हणून चिमूटभर युरिया टाकला आणि तीन रोपे जाळली.

या दिवसांत रोपाने मान टाकली म्हणजे तहानच लागली असे समजू नये. पाणी जास्त झाले तरी रोप अगदी तसेच मान टाकते. मातीत बोट पेरभर घालून पाहावे. ओल लागली तर पाणी देऊ नये. आम्ही १५ एप्रिलला बादल्या ओतल्या, त्यानेही काही रोपे गेली असणार.

ऊन तासातासाने

आठ-दहा दिवसांनी शेंड्याला नवी पालवी दिसली की समजावे, मूळ लागले. मग उन्हाचा अभ्यास सुरू करावा. पहिले तीन दिवस सकाळी सात ते आठ, एवढेच. पुढचे तीन-चार दिवस नऊपर्यंत. दुसऱ्या आठवड्यात दहा, तिसऱ्यात अकरा-बारा. चौथ्या आठवड्यात दिवसभर. कोणत्याही टप्प्यावर पानांवर चट्टे दिसले तर दोन पावले मागे यावे. घाई करून कोणी आपल्याला बक्षीस देणार नाही.

घरी जागा नसेल, पिशव्या रोज आतबाहेर करणे होत नसेल, तर भिंतीच्या पूर्वेला ठेवाव्यात. सकाळचे ऊन मिळते, दुपारी भिंतीची सावली. मग दर आठवड्याला थोड्या भिंतीपासून दूर सरकवाव्यात. ज्यांच्याकडे जुने सुती लुगडे आहे त्यांनी ते वर बांधावे आणि रोज थोडे जास्त वेळ काढून ठेवावे.

याच काळात पाणीही थोडे आवरावे. वरची माती सुकल्याशिवाय पुढचे पाणी नाही, मात्र पान लोंबेपर्यंत थांबू नये. आत्या आणखी एक गोष्ट करायची. येता-जाता रोपांच्या शेंड्यांवरून हाताचा पंजा फिरवायची. मला वाटले माया करते आहे. तिने सांगितले, याने खोड जाड होते. मी मनात हसलो होतो. पुढे एका पुस्तिकेत वाचले की वाऱ्याने किंवा हाताने हललेले रोप उंच कमी वाढते आणि खोडाने भरते, आणि काठीला घट्ट आवळून बांधलेले रोप उलट लेचेपेचे राहते. म्हणून काठी लावलीच तर सुतळी सैल, आठ आकड्यासारखी बांधावी.

आणि तो कट्‌कन आवाज. रोपवाटिकेत दर महिन्याला पिशव्या उचलून जागा बदलतात. आत्याच्या बोलीत "पिशव्या हालवणं". पिशवीबाहेर आलेली मुळी लहान असतानाच तुटते, रोपाला ते झेपते आणि पिशवीच्या आत नव्या बारीक मुळ्यांचे जाळे होते. नऊ महिने पिशवी हलवली नाही आणि शेवटच्या दिवशी उपटली तर रोपाचे अर्धे मूळ जमिनीतच राहते. आमचे नेमके हेच झाले होते. रोज पाणी घालणारी मुले होती, कौतुक करणारे सगळे होते, पण पिशवी उचलून पाहणारा एकही नव्हता.

दुसऱ्या वर्षी आम्ही वेळापत्रकच बदलले. जुलैत पेरणी, ऑगस्टअखेर दुधाच्या पिशवीत, पाऊस गेल्यावर नोव्हेंबरच्या सुरुवातीला मोठ्या पिशवीत. दहा दिवस सावली. मग हिवाळ्याच्या मवाळ उन्हात सवय लावली आणि जानेवारीअखेर रोपे दिवसभर उघड्यावर होती. पुढे फेब्रुवारी, मार्च, एप्रिल जसजसे ऊन चढले तसतशी रोपेही त्याच्याबरोबर कणखर होत गेली. एप्रिलमध्ये एकदम उन्हात काढण्याचा प्रश्नच उरला नाही. मे महिन्यात एक काळजी घ्यावी लागली. काळी पिशवी उन्हात इतकी तापते की आतले मूळ भाजते. त्यासाठी पिशव्या एकमेकींना चिकटवून ठेवल्या आणि बाहेरच्या ओळीला ओले गोणपाट गुंडाळले. फेब्रुवारी-मार्चमध्ये काहींची पाने गळली तेव्हा मुले घाबरली. मी नखाने सालीवर बारीक ओरखडा काढून दाखवला. आत हिरवे असेल तर झाड जिवंत. सगळी हिरवी होती.

पिंपळाबद्दल थोडे

आपल्या विहारात पिंपळ हवा असे सर्वांनाच वाटते. विकत घ्यायची गरज नाही. पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेल्या बीपासून जुन्या भिंती, गटारे, टाक्या यांच्या फटीत पिंपळाची पिलवंडे उगवतातच, आणि ती काढली नाहीत तर भिंत फोडतात. पावसाची झड लागली असताना, भिंत ओली असताना ती सोडवावीत. मूळ पुरते येत नाही, म्हणून निम्मी पाने खुडावीत, म्हणजे पुन्हा तोच हिशेब, खर्च कमी. पिशवीत लावून पंधरा दिवस दाट सावलीत ठेवावे. ही रोपे चिवट असतात. मात्र जमिनीत लावताना विहाराच्या भिंतीपासून, टाकीपासून आणि गटारापासून निदान पंचवीस-तीस फूट दूर लावावीत. हौसेने दाराशी लावलेला पिंपळ आपलीच नातवंडे तोडायला काढतील.

दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष श्रीलंकेतल्या अनुराधापूरच्या बोधिवृक्षापासून आला आणि अनुराधापूरचा सम्राट अशोकाच्या काळी संघमित्रेने बुद्धगयेहून नेला, हे आपण जाणतो. महावंसात असे वर्णन आहे की ती फांदी सोन्याच्या पात्रात ठेवून समुद्रापार नेली. बाकीच्या वर्णनाकडे कोणी कसेही पाहो, मला त्यात आता एक साधी गोष्ट दिसते. तेही एक कुंडीतले रोप होते, आणि प्रवासभर त्याला कोणीतरी ऊन आणि खारा वारा लागू दिला नसणार.

लावायचे कधी

जमिनीत लावणे हा पुन्हा एक पिशवीबदलच आहे, म्हणून तो पावसात करावा. देशात १९५० पासून वनमहोत्सव जुलैच्या पहिल्या आठवड्यात होतो, राज्याने २०१६ साली दोन कोटी झाडांचा कार्यक्रम घेतला तोही १ जुलैला. त्यामागे हेच कारण आहे. आमच्या बैठकीत मी सुचवले की १४ एप्रिलला रोपे लावण्याऐवजी त्या दिवशी मुलांच्या हाती कणखर झालेली रोपे नावानिशी सोपवावीत आणि जमिनीत लावावीत आषाढी पौर्णिमेला. त्या दिवशी वर्षावास सुरू होतो आणि अश्विन पौर्णिमेपर्यंत विहारात रोज कोणी ना कोणी येतेच, रोपाकडे आपोआप लक्ष राहते. थोडी कुरकुर झाली. पाहुणे पावसात येतील काय, असे एकाने विचारले. पाहुण्यांविना लावू, असे महिला मंडळाच्या ताईंनी उत्तर दिले आणि विषय संपला.

खड्डे मे महिन्यातच खणले, दीड फूट लांब, रुंद आणि खोल. उन्हाने आतले किडे मरतात. मुलांनी खणले, खालचा मुरूम मोठ्या माणसांनी सब्बलने काढला. पहिल्या दोन-तीन चांगल्या पावसांनंतर माती-खताने भरले. लावताना पिशवी पूर्ण काढायची, हे सांगणे विचित्र वाटेल. परंतु पिशवीसकट लावलेली रोपे मी सरकारी रस्त्याच्या कडेला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहेत. काळ्या मातीत रोपाभोवती माती थोडी चढती ठेवावी, नाहीतर पावसाचे पाणी बुडाशी साचते. पाऊस संपल्यावर हीच माती उलटी करून आळे करावे. जवळच एक जुने मडके गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवावे. मडक्यातून पाणी हळूहळू झिरपते, दोन उन्हाळे तरी हे करावे लागते.

आषाढी पौर्णिमेला भुरभुर पावसात छत्तीस रोपे लावली. एकालाही मान टाकलेली पाहिली नाही. गल्ली बदलणारा तो मुलगा आता सहावीत होता. त्याने जुनी काडी जपून ठेवली होती, तीच आणून खोचली.

मी कारकून आहे, त्यामुळे नोंदवही ठेवली. पुढच्या जूनअखेर छत्तीसपैकी एकोणतीस उभी होती. गेलेल्या सातांपुढे कारणाचा रकाना आहे. तीन शेळीने खाल्ली. त्यावर आता बोरीच्या फांद्यांचे कुंपण केले आहे. दोन पाणी साचून कुजली, ती माझ्या देखरेखीखाली लागलेली होती. एकावर कोणीतरी मोटारसायकल उभी केली. शेवटच्या एकासाठी आम्ही खोड खरवडून पाहिले, मूळ उकरून पाहिले, आत्यालाही फोन लावला. त्याच्यापुढे "कारण समजले नाही" असे लिहून ठेवले आहे.